‘तू चिठ्ठी लिहिलीस’: एका आक्षेपाला उत्तर

मराठी वाक्ये तपासणाऱ्या माझ्या प्रोग्रामवरच्या लेखाला तुम्ही उदाहरणांची यादी देऊन आक्षेप घेतलात, त्याला हे उत्तर. आधी चूक कबूल करतो. क्रियापद कोणामागे जाते, म्हणजे कोणाचे लिंग-वचन-पुरुष घेते, याचा मी लेखात दिलेला नियम असा होता: कर्त्याला विभक्तिप्रत्यय नसेल तर कर्त्यामागे, असेल तर बिनप्रत्ययाच्या कर्मामागे, तेही नसेल तर सरळ नपुंसकलिंगी एकवचन. तुम्ही तो तीन शब्दांत पाडलात: ‘मी चिठ्ठी लिहिली.’ ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही, तेव्हा माझ्या नियमाने पुरुषाने ‘मी चिठ्ठी लिहिलो’ म्हणायला हवे. काही बोलींत असे रूप ऐकू येते, पण मी प्रमाण मराठीचा नियम सांगत होतो, त्यामुळे ती पळवाट मला नाही.

‘मी’पुरती दुरुस्ती सोपी आहे. जुन्या विभक्तीच्या तक्त्यात तृतीयेला ‘मी, म्यां’ आणि ‘तू, त्वां’ अशी रूपे असत. म्हणजे इथला ‘मी’ तृतीयेतलाच आहे, फक्त त्याचे रूप प्रथमेसारखे दिसते. ‘त्याने’मध्ये जे उघड आहे ते ‘मी’मध्ये झाकलेले. प्रोग्रामने अक्षरांकडे न पाहता विभक्तीच्या नोंदीकडे पाहिले की झाले.

पण तुमच्या यादीतले दुसरे वाक्य जास्त खोल लागले: ‘तू चिठ्ठी लिहिलीस.’ यातली ‘ली’ चिठ्ठीची आणि ‘स’ तुझा. एकच क्रियापद दोघांची ओझी वाहते. आपल्या व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्म संकर असे नाव देऊन ठेवले आहे. शाळेत ते पाठ केले होते, आणि नियम लिहिताना नेमके विसरलो.

चूक कुठे झाली ते सांगतो. लिंगे ३, वचने २, पुरुष ३. प्रत्येक जोडणीसाठी वेगळा नियम लिहायचा तर एकाच नियमाच्या १८ प्रती होतात. हे टाळण्यासाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीस संगणकीय भाषाशास्त्रज्ञ मार्टिन के यांनी युनिफिकेशनची (एकत्र जुळवण्याची) कल्पना व्याकरणात आणली. प्रत्येक शब्दाजवळ लक्षणांची नोंद ठेवायची आणि दोन नोंदी एकमेकींत मिसळून पाहायच्या. कुठे विरोध आला नाही तर वाक्य पास. मी लिंग, वचन आणि पुरुष यांचे एकच गाठोडे बांधले आणि ते एकाच नामाकडून क्रियापदाकडे पाठवले. आता ‘तुम्ही चिठ्ठी लिहिलीत’ घ्या. ‘ली’ एकवचनी, ‘त’ अनेकवचनी. एकाच गाठोड्यात वचन दोन प्रकारचे कसे मावेल? माझा प्रोग्राम हे शुद्ध वाक्य नापास करत होता.

म्हणून आता कप्पे दोन केले आहेत. पहिल्यात लिंग-वचन, ते वरच्या नियमाने ठरते. दुसऱ्यात पुरुष-वचन, ते नेहमी कर्त्याचे, मग कर्ता तृतीयेत असला तरी. गंमत म्हणजे ‘तू त्याला मारलेस’ आणि ‘तू घरी जायचे होतेस’ ही वाक्ये डोळ्यांसमोर नसतानाही दोन्ही आपसूक बसली: पहिला कप्पा नपुंसकलिंगी एकवचनावर घसरतो आणि ‘स’ दुसऱ्यातून येतो.

तुमचा मोठा आक्षेप मात्र मला पटत नाही. तुम्ही म्हणता, हल्लीची संगणकीय भाषा-प्रारूपे (लँग्वेज मॉडेल्स) लाखो वाक्ये वाचून कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा हा मेळ स्वतःच शिकतात, मग नियम कशाला? शिकतात, हे खरे. २०१६मध्ये लिंझेन, दुपू आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी अशा प्रारूपावर इंग्रजीत हेच तपासले. एकूण चुका थोड्या निघाल्या, पण कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये विरुद्ध वचनाची नामे आली की त्या वाढत गेल्या. हे मोजायचे तर मुळात कर्ता कुठला ते ठरवावे लागते; त्यासाठी त्यांनी वाक्यरचना उलगडणारा पार्सरच वापरला. मराठीत मधल्या नामांना बहुधा प्रत्यय असतो (‘चिठ्ठ्यांचा गठ्ठा हरवला’), त्यामुळे तो सापळा इथे सौम्य असावा असे मला वाटते. आपला सापळा वेगळा आहे: ‘तिने धडा वाचला’, पण ‘ती धडा शिकली’. दोन्ही क्रियापदे सकर्मक, काळ तोच, तरी शिक, विसर, म्हण यांची चाल निराळी. त्यांची यादीच करावी लागते. प्रारूप इथे चुकते की नाही हे पाहायला कसोटीची वाक्ये कोण निवडणार, आणि कशाच्या आधारे? तुम्ही माझ्या नियमाला छेद देणारे वाक्य शोधू शकलात, कारण तो नियम खोटा ठरण्याइतका स्पष्ट लिहिलेला होता. ‘प्रारूपाला मराठी येते’ या विधानाला असा छेद कुठे द्यायचा?

एक गोष्ट मात्र अजून अडली आहे. ‘मुलगा आणि मुलगी आली’ की ‘आले’? जुना नियम नपुंसकलिंगी अनेकवचन ‘आली’ सांगतो, पण कानावर ‘आले’ही पडते. दोन नामांच्या लिंगांतून तिसरे लिंग काढणे नुसत्या मिसळण्याने होत नाही, त्यासाठी वेगळे कोष्टक लागते. ते मी अजून लिहिलेले नाही. प्रोग्राम सध्या दोन्ही रूपे चालवून घेतो.