अजून एक झटका मारा, भो!

पंक्चर निघालं, चाक जागेवर बसलं, आता उरले फक्त नट. नेमक्या याच वेळी पुण्याहून शिकून आलेला तुमचा भाचा मध्ये तोंड घालतो, "मामा, टॉर्क रेंचने आवळायला सांगा ना." टॉर्क रेंच म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर बसला की 'टक्' करणारा पान्हा. भाच्याकडे मुळीच लक्ष देऊ नका. नट आवळायला मोजमाप लागतं असं ज्याला वाटतं, त्याला खान्देशचं पाणी अजून लागायचं आहे. आपल्याकडे नट अंदाजाने आवळतात, आणि अंदाज नेहमी जास्तीचाच धरतात.

मोजमाप कुठे करायचं यालाही काही रीत आहे. जळगावच्या सराफाकडे अर्ध्या तोळ्याची अंगठी घेताना काटा हलू नये म्हणून तुम्ही डोक्यावरचा पंखा बंद करायला लावता, ते बरोबरच आहे. सावदा-रावेरकडे केळीची गाडी भरताना व्यापाऱ्याने क्विंटलमागे किलोभर जास्त कापलं तर तुम्ही अख्खं गाव गोळा करता, तेही बरोबर. पण घरची पाच माणसं ज्या नटांच्या भरवशावर हायवेला शंभरच्या वेगाने जाणार, ते पंक्चरवाल्या पोराच्या वजनावर सोडायचे. पोरगं जेवून आलेलं असेल तर नट जास्त बसेल, उपाशी असेल तर कमी. चतुर्थीच्या दिवशी पंक्चर झालं तर ते तुमचं नशीब.

पोरगं काम कसं करतं ते मात्र उभं राहून बघा, बघण्यासारखं असतं. आधी बोटांनी दोन-तीन आटे धरतं, मग हवेची गन लावतं: टर्रर्र. पहिल्या नटाला दोनदा, शेजारच्याला एकदा, तिसऱ्याच्या वेळी मालक चहाला हाक मारतो म्हणून अर्ध्यात. मग एल-पान्ह्यात पाइप घालून त्याच्या टोकावर चढतं आणि एका हाताने गाडीचा टप धरून दोन झटके मारतं. हिशेबच करायचा तर 60 किलोचा माणूस नटापासून दोन फुटांवर नुसता उभा राहिला तरी साडेतीनशे न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. झटक्याचं वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत हा आकडा शंभराच्या अलीकडे-पलीकडे असतो, मॉडेलप्रमाणे बदलतो. कंपनी शंभर मागते, आपण साडेतीनशे देतो. कंपनीला द्यायचं म्हटलं की हात आखडता घेऊ नये.

आता भाचा शास्त्र सांगायला लागेल. ऐकून घ्या, नाहीतर बहीण रुसेल. तो म्हणेल, नट आवळला की बोल्ट केसभर ताणला जातो, आणि परत आखडायची त्याची जी ओढ असते ती चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरते. गाडीचा भार बोल्टांनी आडवा झेलायचाच नसतो. दाबून बसलेलं चाक आणि हब यांच्यातलं घर्षण तो झेलतं. नट कमी आवळला तर चाक हबवर किंचित सरकत राहतं, नट आणखी ढिले होतात, चाकाची भोकं लांबट होतात. जास्त आवळला तर बोल्ट इतका ताणला जातो की परत आखडतच नाही. मग त्याची पकड जाते, आणि एखाद्या दिवशी तो तुटतोच. एक तुटला की त्याचं काम उरलेल्यांवर पडतं, आणि तेही त्याच पोराने आवळलेले असतात.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही फक्त खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "कसाले टेन्शन ली राहिना भो, काही नही व्हस." या वाक्यापुढे अजून तरी कुठलं भौतिकशास्त्र टिकलेलं नाही. शिवाय मागच्या काचेवर 'कानबाई माता प्रसन्न' लिहिलेलं आहेच. श्रावणात एका रविवारी घरी येणाऱ्या देवीने वर्षभर तुमच्या चारही चाकांकडे बघावं, ही काही फार मोठी अपेक्षा नाही.

आट्यांना ऑइल लावायला विसरू नका. पंक्चरवाल्याकडे त्यासाठी जळक्या ऑइलचा डबा असतो, त्यात वाळू आणि विडीचं थोटूकही असतं. पान्ह्यावर लावलेल्या जोरातला बहुतेक सगळा भाग घर्षणातच खर्च होतो, बोल्ट ताणायला साधारण दहावा हिस्सा उरतो. ऑइलने घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून तर पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. पण तुम्हाला बोल्ट ताणायचाच आहे ना? मग घाला अजून एक थेंब.

क्रमही महत्त्वाचा. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे एकाला लागून एक नट आवळत जा. समोरासमोरचे, किंवा पाच असले तर चांदणी काढताना हात फिरतो तसे एक सोडून एक, थोडे थोडे करत आवळायची पद्धत फार वेळखाऊ. गोल फिरलात की चाक एका अंगाला तिरकं बसतं, ब्रेकच्या डिस्कवर ओढ कमी-जास्त पडते, आणि काही महिन्यांनी ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग तुम्ही अलाइनमेंट करून घ्या, बॅलन्सिंग करून घ्या, आणि तरीही थरथर राहिली की पारोळा-एरंडोलच्या रस्त्याला शिव्या द्या. रस्त्याला दिलेली शिवी आपल्याकडे कधी वाया जात नाही. हबवरचा गंज, चिखल वगैरे पुसत बसू नका. तो पुढे आपोआप झडतो आणि झडल्यावर नट आपोआप ढिले होतात.

भाच्याने हट्टाने टॉर्क रेंच आणलाच, तर तो वापरायची आपली पद्धत ठेवा. दोन-तीन हजारांची वस्तू आहे. सीट कव्हरवर आठ हजार घातले तेव्हा तुम्ही कुरकुरला नव्हतात, आता भरपूर कुरकुरा. गाडी जॅकवर असताना, चाक हवेत गरगर फिरत असतानाच शेवटचा जोर द्या. आधी नट टेकवून घ्या, गाडी जमिनीवर उतरवा आणि मग आवळा, असं सांगणारे लोक वेगळे. रेंचने 'टक्' केलं की थांबायचं असतं म्हणतात. तुम्ही आणखी दोनदा टक्-टक् करा, पैसे वसूल होतात. गंजलेले नट उघडायलाही तोच वापरा, आणि काम झालं की आकडा खाली न आणता डिकीत जॅकखाली टाकून द्या. वर्षभरात तोही तुमच्यासारखा अंदाजाने बोलायला लागेल.

चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरमध्ये नट एकदा परत तपासायचे असतात, अलॉय व्हील असेल तर नक्कीच. म्हणजे जळगावहून निघालात तर धुळं येईपर्यंत. पण धुळ्यात शेवभाजी खायची असते, हात तेलकट होतात, आणि तेलकट हातांनी कोण नटाला हात लावणार?

यथावकाश रात्री कन्नड घाटात टायर बसेल. गाडीसोबत आलेला वीतभर पान्हा काढा. तो मुद्दामच आखूड दिलेला असतो, माणसाने हाताने जोर लावला तर नट फार आवळला जाऊ नये म्हणून. साडेतीनशेने बसवलेला नट त्याने उघडायचा तर टोकावर दीडशे किलोच्या आसपास भार हवा. दोन दाजी एकावर एक उभे करावे लागतील, आणि आज एकही आलेला नाही. मग रेंज शोधत वळणापर्यंत चालत जा आणि पंक्चरवाल्या पोराला फोन लावा. तो झोपेतून उठेल, सगळं शांतपणे ऐकून घेईल, आणि त्याचा ऊर भरून येईल.

"मन्हा हातना नट शे तो, भाऊ. असा कसा निंघी!"