पडवीतले पोस्ट आणि चार तासांचा हिशेब

खेड्यातल्या पोस्टाचा विषय निघाला की आपण हटकून पोस्टमनच्या पायपिटीविषयी आणि गावाने त्याला दिलेल्या मानाविषयी बोलतो. त्यात खोटे काही नाही. मात्र ज्या घरात हे पोस्ट चालते, त्या घराला त्यापायी काय सोसावे लागते, हे सहसा कुणी विचारत नाही. माझे वडील संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात शाखा डाकपाल, म्हणजे गावच्या छोट्या पोस्टाचे प्रमुख होते, त्यामुळे मला हा प्रश्न टाळता येत नाही.

बाबा लागले तेव्हा ते ‘अतिरिक्त विभागीय’, म्हणजे खात्याच्या नियमित नोकरवर्गाबाहेरचे कर्मचारी होते. ही नागरी, म्हणजे सरकारी पदेच आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच दिला होता. पुढे २००१ च्या नियमांनी ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव दिले, पण नियमित नोकरदाराची वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन काही दिले नाही. उलट, उपजीविकेचे दुसरे साधन हवे आणि शाखेसाठी जागा डाकपालानेच द्यायची, या अटी कायम राहिल्या. आमचे दुसरे साधन म्हणजे घरापुरते भात आणि थोडे काजू, आणि जागा म्हणजे घराची पडवी.

या पडवीला वेळ नव्हती. कागदावर शाखा ठरावीक तास उघडी असे. प्रत्यक्षात लांबच्या वाडीवरून पऱ्या (ओढा) ओलांडून आलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ म्हणणे बाबांना कधी जमले नाही. गणपती आणि शिमग्याच्या आधी मुंबईहून मनीऑर्डरी येत, तेव्हा तर जेवणाच्या ताटावरून उठावे लागे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या मनीऑर्डरी आटल्या, तरीही बायका येऊन ‘काय आलंय का?’ असे विचारून जात. त्यांना ‘नाही’ म्हणण्याचे काम बहुतेक वेळा आईच्या वाट्याला येई, कारण बाबा तेव्हा टपालाची थैली आणायला गेलेले असत. पत्र वाचून दाखवणे, पैसे काढण्याचा अर्ज भरून देणे, संध्याकाळी रोकड दुसऱ्यांदा मोजणे आणि थैलीच्या गाठीवर बाबा लाख ओतत असताना मेणबत्ती धरणे ही कामे तिचीच होती. हिशेबात पैसे कमी पडले की ते घरच्या डब्यातून भरले जात.

अलीकडच्या वर्षांत व्यवहार नोंदवायला हातात मशीन आले आणि सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँकही आली. सोय मोठी झाली, हे मी मान्य करतो. पूर्वी खातेदाराला बँकेसाठी तालुक्याला जावे लागे. पण काजू सोलून चिकाने बोटे भाजलेल्या बायकांचा ठसा मशीन घेत नाही, आणि पावसाळ्यात रेंजसाठी बाबांना ते मशीन घेऊन सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर चढावे लागे, खातेदार मागोमाग. शिवाय आर.डी., सुकन्या, ग्रामीण डाक जीवन विमा यांचे टार्गेट असेच. मार्च जवळ आला की आमचे काका, मामा आणि आतेभाऊ बाबांना पाहून वाट बदलत, असे आम्ही थट्टेने म्हणत असू.

मे-जून २०१८ मध्ये देशभरातल्या डाक सेवकांनी पंधरवडाभर संप केला. त्यानंतर, डाक सेवकांच्या मोबदल्यासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवरून सुधारित दर मंजूर झाले आणि शाखा डाकपालाला चार तासांसाठी किमान १२,००० व पाच तासांसाठी १४,५०० रुपये, वर महागाई भत्ता, असा मोबदला ठरला. पूर्वीपेक्षा ही वाढ चांगलीच होती. तरीही मोजणी तासांचीच राहिली, आणि पासष्टाव्या वर्षी बाबा घरी बसले तेव्हा एकरकमी मिळाले तेवढेच. दरमहा काही नाही. आयुष्यभर इतरांची पेन्शन त्यांच्या हातावर मोजून देणाऱ्या माणसाला स्वतःची पेन्शन नसावी, याला काटकसर म्हणता येणार नाही.

आता त्या जागेवर दहावीच्या गुणांवर निवड झालेली दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी आली आहे. हुशार आहे, मशीन सफाईने चालवते. तिला गावात घर नाही, पडवी नाही आणि मेणबत्ती धरायला कुणी नाही, म्हणून तिने एका रिकाम्या घराची खोली भाड्याने घेतली आहे. शाखेच्या जागेसाठी मिळणारा भत्ता नाममात्र आहे, बाकीचे भाडे ती मानधनातून भरते. आमच्या काळी हा खर्च घरातच जिरत होता म्हणून दिसत नव्हता, आता तो उघडा पडला आहे. शाखेचे पूर्ण भाडे खात्याने द्यावे आणि या लोकांना निवृत्तिवेतन लागू करावे, एवढे तरी व्हायला हवे. भाडे त्या मुलीने भरायचे आणि दारावर पाटी मात्र सरकारची लावायची, हे मला पटत नाही.