हिरण्यकश्यपूची बेलवांगी

२०२३ च्या जुलैत पुण्यात टोमॅटो दीडशे रुपये किलोवर गेला आणि आमच्या घरातली कोशिंबीर बंद झाली. आईने आमटीत मुकाट्याने आमसूल टाकलं. "पूर्वी काय बेलवांग्यांवाचून लोक उपाशी राहत होते?" असं म्हणून तिने विषय मिटवला. टोमॅटोला बेलवांगी म्हणणारी आमच्या सोसायटीतली ती शेवटची बाई. मला मात्र चेव आला. "गॅलरीत लावू," मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "कढीपत्ता आठव." कढीपत्त्याचं काय झालं ते इथे सांगायचं कारण नाही.

साधं रोप आणून खोचणं माझ्या स्वभावात नाही. आठवडाभर अभ्यास केला आणि 'अर्का रक्षक'वर येऊन थांबलो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला हा संकरित वाण. याला एकाच वेळी तीन रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे : पानं आक्रसवून टाकणारा लीफ कर्ल विषाणू, उभ्या झाडाला मान टाकायला लावणारा जिवाणूजन्य मर रोग आणि लवकर येणारा करपा. त्यात कर्नाटकातल्या एका शेतकऱ्याला झाडामागे १९ किलो टोमॅटो मिळाल्याची बातमी सापडली. मी चार कुंड्या धरल्या. चार गुणिले एकोणीस, शहात्तर किलो. दीडशेच्या भावाने ११,४०० रुपये. ठाण्याच्या मावशीकडे किती पाठवायचे, यावरून बायकोशी थोडी बाचाबाचीही झाली. बी अजून टपालात होतं.

आईला तिन्ही रोगांची नावं समजावून सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "हिरण्यकश्यपूनेही असाच वर मागितला होता."

रोपं झकास आली. पंचविसाव्या दिवशी कुंड्यांत लावली. माती, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड. आधाराला पडद्याचे जुने दांडे, बांधायला आईच्या नऊवारीचे काठ. ते तिने दिले नव्हते, मी घेतले होते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगले. पहिल्या आठवड्यात त्यांत सहा माश्या, आईचा पदर आणि गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसाची बाही सापडली.

त्याच सुमारास, म्हणजे सप्टेंबरात, टोमॅटोचे भाव कोसळले. नाशिककडे शेतकऱ्यांवर माल रस्त्यावर ओतायची वेळ आली. जुलैत ज्यांच्यावर आपण दात ओठ खात होतो, त्यांचं हे दोन महिन्यांत झालं. मला खरोखर वाईट वाटलं. शिवाय माझे ११,४०० आता पाचशेवर आले होते, त्याचंही वाटलं.

फुलं आली आणि टपाटप गळू लागली. पुन्हा अभ्यास. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच असतात, पण पराग नळीत कोंडलेले. ते वाऱ्याने हलून नाहीतर भुंग्याच्या गुणगुणाटाने झडावे लागतात. मधमाशीला ती थरथर जमत नाही. आमच्या गॅलरीला तीन बाजूंनी काच, वारा येणार कुठून? मग मी रोज सकाळी विजेवर चालणारा टूथब्रश घेऊन प्रत्येक फुलाच्या देठाला लावू लागलो. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी खिडकीचा पडदा ओढून घेतला. फळं मात्र धरली!

आणि मग वराच्या पळवाटा दिसू लागल्या.

लीफ कर्ल आला नाही. मर आली नाही. करप्याचा ठिपका नाही. संस्थेने दिलेला शब्द तंतोतंत पाळला, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. आला तो पिठ्या ढेकूण, कापूस पिंजल्यासारखा. त्याचं नाव यादीत नव्हतं. निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याने त्याला धुतलं, तर फळांचे बूड काळे पडू लागले. हा तर रोगच नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून असं होतं, आणि बऱ्याचदा त्याचं कारण पाण्याची अनियमितता. दिवाळीत आम्ही चार दिवस गावी गेलो होतो. शेजारच्या काकूंना "जरा पाणी घाला" असं सांगून गेलो होतो. काकूंनी तीन दिवस विसरून चौथ्या दिवशी चार दिवसांचं घातलं. मी पानवाल्याकडून चुना आणला. "तंबाखू नको?" त्याने विचारलं.

आणि एका संध्याकाळी अळी दिसली. फळ पोखरणारी अळी गोल भोक पाडते, डोकं फळात खुपसते आणि मागचं शरीर बाहेर ठेवून निवांत जेवते. मी बघतच राहिलो. अळी अर्धी आत, अर्धी बाहेर. वेळ दिवेलागणीची, दिवस नाही, रात्र नाही. जागा गॅलरी, म्हणजे धड घरात नाही, धड बाहेर नाही. मी आईला हाक मारली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि हात जोडले. कुणाला जोडले, ते विचारायचं धाडस झालं नाही.

एकूण नऊ टोमॅटो हाती लागले. खरं सांगतो, सुरेख होते, टणक, लालभडक. आई एक फोड तोंडात घालून म्हणाली, "दिसायला देखणं आहे. पण हायब्रीडच शेवटी."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सगळ्यांत मोठ्या फळाचं बी मी राखेत घोळून वाळवलं. कागदाच्या चार पुड्या केल्या, त्यांवर वळणदार अक्षरात 'अर्का रक्षक' लिहिलं आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर सोसायटीतल्या चार घरांत वाटल्या. वर तीन रोगांवर भाषण दिलं.

संकरित बी दर वेळी दोन ठरावीक वाणांचं हाताने लग्न लावून तयार करतात. एकाच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्याचे पराग लावायचे. म्हणून ते महाग. त्याच्या फळातलं बी लावलं तर पुढची पिढी फुटते, कुणी कुठल्या वळणावर जाईल याचा नेम नाही. मेंडेलने वाटाण्यावर हे १८६५ मध्येच सांगून ठेवलं होतं. मी शाळेत त्यावर पाच गुणांचं उत्तरही लिहिलं होतं. आठवलं ते मार्चअखेर.

तोवर उशीर झाला होता. पहिल्या मजल्यावर झाड गुडघ्याएवढंच राहिलं, दुसऱ्यावर ग्रिलमधून वरच्यांच्या घरात शिरलं. काकूंच्या झाडाची पानं आक्रसून द्रोणासारखी झाली. मी लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागलो.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातच गाठलं. तळहातावर लिंबाएवढा, फिकट, एका बाजूने चपटा टोमॅटो.

"अहो, तुमचा तो केवढा देखणा होता. हा कुणावर गेलाय?"

"बहुतेक आजोबांवर," मी म्हणालो आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरलो.