फॉर्मच्या पोटात फॉर्म : ब्राउझर काहीही सांभाळून घेत नाही

पुण्यातल्या डेव्हलपर पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझा भाचा बाणेरला एका छोट्या कंपनीत नुकताच लागलाय, त्याने तो मला पाठवला आणि विचारलं, "मावशी, हे बरोबर आहे ना?" मेसेजचं म्हणणं असं: वेबपानावर पॅनल (पानातले वेगवेगळे कप्पे) असतील तर प्रत्येक पॅनलला आपापला फॉर्म (माहिती भरून एकत्र पाठवायचा भाग) द्या आणि सगळ्यांना बाहेरून एक मोठा फॉर्म घाला, ब्राउझर सांभाळून घेतो. विकेट या जावाच्या वेब फ्रेमवर्कमध्ये हे वर्षानुवर्षं चालतंय. ते नको असेल तर फॉर्म टॅगच (कोडमधली फॉर्मची खूण) सोडून द्या, डिव्ह (साधा डबा) आणि ऑनक्लिक (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) पुरे. आणि लपवलेल्या पॅनलमधल्या फील्डची (भरायच्या रकान्यांची) चिंता करू नका.

त्याने विचारलं तोवर पान तसंच बांधून झालं होतं. आणि पान कशाचं, तर एका दवाखान्याच्या रुग्ण-नोंदणीचं. म्हणून हे लिहायला बसले.

"ब्राउझर सांभाळून घेतो." साफ चूक. फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही, हे वेबपानांच्या भाषेच्या डिसेंबर १९९९च्या आवृत्तीत, एचटीएमएल ४.०१मध्येच, लिहिलेलं आहे आणि आजच्या एचटीएमएल स्टँडर्डमध्येही तेच आहे. आजचं स्टँडर्ड तर पुढे जाऊन पार्सरने (कोड वाचून पान उभं करणाऱ्या ब्राउझरच्या भागाने) अशा वेळी नेमकं काय करायचं तेही सांगतं. एक फॉर्म उघडा असताना दुसऱ्याचा सुरुवातीचा टॅग आला, की पार्सर तो टाकून देतो. पण त्याचा शेवटचा टॅग टाकला जात नाही. तो येतो आणि बाहेरचा मोठा फॉर्म तिथेच बंद करतो.

भाच्याच्या पानावर याचा परिणाम काय झाला बघा. वर रुग्णाचं नाव आणि वय, सेव्हचं बटणही वरच. मध्ये पत्त्याचं पॅनल, त्याला स्वतःचा फॉर्म. त्याखाली 'औषधांची ॲलर्जी' हे फील्ड. सेव्ह दाबलं की सर्व्हरला नाव गेलं, वय गेलं, पत्ताही गेला, कारण पत्त्याची फील्ड आता बाहेरच्याच फॉर्मची झालेली. ॲलर्जी मात्र गेलीच नाही. ते फील्ड कुठल्याच फॉर्मचं उरलं नव्हतं. एरर नाही, इशारा नाही, स्क्रीनवर 'सेव्ह झालं'. टेस्टिंगमध्ये सापडलं म्हणून बरं. हे दवाखान्यात गेलं असतं तर पेनिसिलिन न चालणाऱ्या माणसाच्या नोंदीत ती जागा कोरी राहिली असती.

"पण माझ्याकडे तर चालतं" असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. बाहेरच्या फॉर्मच्या आत सगळ्याला गुंडाळणारा एखादा डिव्ह असेल आणि तो अजून बंद झाला नसेल, तर पुढची फील्ड त्याच्यात पडतात आणि फॉर्मचीच राहतात. म्हणजे सगळी भिस्त एका लेआउटच्या डिव्हवर. उद्या कोणी डिझाइन बदलताना तो डिव्ह काढला, की डेटा गळायला सुरुवात. खात्री करायची असेल तर व्ह्यू सोर्स (पानाचा मूळ कोड) बघू नका, तिथे दोन्ही फॉर्म दिसतात. डेव्हटूल्समधला (ब्राउझरमधल्या डेव्हलपरच्या साधनांतला) एलिमेंट्स टॅब उघडा, तिथे एकच दिसेल.

रिॲक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. तिथे डॉम (ब्राउझरमधलं पानाच्या टॅगांचं झाड) जावास्क्रिप्टने बनतो, त्यामुळे आतला फॉर्म खरंच तयार होतो, फक्त कन्सोलमध्ये (डेव्हटूल्समधल्या संदेशांच्या टॅबमध्ये) वॉर्निंग येते. मग लोक पॅनल पोर्टलने (डॉममध्ये दुसरीकडे ठेवायच्या रिॲक्टच्या सोयीने) बाहेर काढतात. वॉर्निंग जाते, पण रिॲक्टमध्ये इव्हेंट (क्लिक, सबमिट अशी घटना) डॉमच्या नाही, कंपोनंटच्या झाडावरून वर चढतो. आतला फॉर्म सबमिट केला की बाहेरच्याचा ऑनसबमिटही चालतो. तिथे इव्हेंटचं वर चढणं थांबवणारं स्टॉपप्रोपगेशन लिहावंच लागतं.

विकेटचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करते. विकेटमध्ये पॅनलमधला फॉर्म दुसऱ्या फॉर्मच्या आत ठेवता येतो, आणि आतला सबमिट केला तर एरवी फक्त आतलाच तपासला जातो. पण हे जमतं ते विकेट ब्राउझरला आतला फॉर्म पाठवतच नाही म्हणून. पान बनवताना त्याचा टॅग बदलून डिव्ह करतं. ज्याने नियम पाळायची सोय केली, त्याचाच दाखला नियम मोडायला द्यायचा, हे मला पटत नाही.

"फॉर्म टॅगच सोडा." नको. एंटर दाबून सबमिट होणं, रिक्वायर्डची (भरणं सक्तीच्या फील्डची) तपासणी हे सगळं फॉर्मबरोबर फुकट मिळतं. डिव्ह घेतलात तर ते सगळं हाताने लिहावं लागेल, आणि कोणी लिहीत नाही. यामागची तक्रार मात्र खरी आहे: पॅनलचं 'बंद करा' बटण दाबलं की अख्खा फॉर्म सबमिट होतो. कारण फॉर्ममधल्या बटणाचा टाइप दिला नाही तर तो सबमिट धरला जातो. टाइप 'बटन' असा द्या, संपलं.

लपवलेल्या पॅनलची चिंता करायलाच हवी. डिस्प्ले नन केलेल्या पॅनलमध्ये रिकामं रिक्वायर्ड फील्ड राहिलं की क्रोम सबमिट अडवतो, पण चूक दाखवायला फील्डच दिसत नसतं. तक्रार फक्त कन्सोलमध्ये. काउंटरवरची बाई सेव्ह दाबत राहते. पॅनल लपवताना त्याचा फील्डसेट (फील्ड एका गटात बांधणारा टॅग) डिसेबल करा, म्हणजे त्यातली फील्ड तपासलीही जात नाहीत आणि पाठवलीही जात नाहीत.

मग पॅनल आत दिसायला हवं आणि फॉर्म वेगळा हवा असेल तर? फॉर्म एकमेकांत न घालता शेजारी-शेजारी ठेवा. प्रत्येकाला आयडी द्या आणि पॅनलमधल्या इनपुटवर, बटणावर 'फॉर्म' हा ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म) लावून त्यात तो आयडी लिहा. फील्ड पानावर कुठेही असो, ते त्याच फॉर्मचं राहतं. भाच्याच्या पानावर आता पत्त्याचा फॉर्म मोठ्या फॉर्मच्या बाहेर, खाली रिकामा उभा आहे आणि त्याची फील्ड वर पॅनलमध्ये आहेत. ॲलर्जी सेव्ह होते.