जुन्या लष्करी निशाणांची ‘घरगुती परीक्षा’ : एका व्हायरल संदेशाला उत्तर

जुने लष्करी निशाण अस्सल आहे की बनावट, हे पाच खुणांवरून कोणालाही घरी ओळखता येते, असा दावा करणारा एक संदेश सध्या हातोहात फिरत आहे. धागा काढून जाळा, गोळ्यांची भोके शोधा, हातशिलाई पाहा, अतिनील दिव्याखाली चमक तपासा आणि तारे मोजा, एवढाच त्याचा सारांश आहे. माझ्या मामांनी तो वाचून आपल्या संग्रहातील रेशमी निशाणाचा धागा ओढायला घेतला, म्हणून हे उत्तर तातडीने लिहावे लागत आहे.

धागा कृपा करून जाळू नका. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि नायलॉन वितळून त्याचा मणी होतो, हे खरे आहे. परंतु नायलॉन १९३०च्या दशकातले असल्याने मणी झाला तर तो धागा त्यानंतरचा, एवढेच ठरते. तोही नंतरच्या दुरुस्तीचा असू शकतो. मणी झाला नाही, तर काहीच ठरत नाही, कारण रेशीम आणि सूत आजही विकत मिळते. शिवाय एकोणिसाव्या शतकात वजन वाढवण्यासाठी पुष्कळ रेशमात धातूंचे क्षार भरत असत. असे रेशीम घडीवरच तडकते, आणि त्यातला एक धागा ओढला की शेजारची वीणही सुटू लागते. कापडावरून आपोआप गळलेला तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर लोकरीचे खवले आणि कापसाच्या तंतूचा पीळ स्पष्ट दिसतो. त्यासाठी काडी ओढण्याची गरज नाही.

‘भोके म्हणजे गोळ्या’ हा दावा तर सर्वांत निराधार आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्याचे प्रसिद्ध निशाण आहे. १८१३ मध्ये शिवलेले आणि १८१४ च्या ब्रिटिश तोफमाऱ्यानंतर किल्ल्यावर फडकलेले हे निशाण मुळात ४२ फूट लांब होते. आज ते सुमारे ३४ फूट उरले आहे आणि त्यातला एक तारा नाहीसा झाला आहे. हे नुकसान शत्रूच्या तोफांनी केलेले नाही. ज्या कुटुंबाकडे ते राहिले, त्याने आठवण म्हणून लोकांना तुकडे कापून दिले. ज्याचा इतिहास इतका नोंदलेला आहे, त्या निशाणाबाबतही फाटलेपण लढाईची साक्ष देत नसेल, तर अनोळखी कापडावरच्या चार भोकांवरून काय सिद्ध होणार? लोकरीला कसर लागते, आणि घडी घातलेल्या निशाणात ती लागली तर उलगडल्यावर भोके ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसतात. खरी झीज बहुधा वाऱ्यावर फडकणाऱ्या टोकापासून सुरू होते, हेही संदेशात कुठे नाही.

हातशिलाईबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिवणयंत्राचे अमेरिकी संशोधक हाऊ यांचे पेटंट १८४६ चे आहे, अमेरिकी यादवीतील (१८६१-६५) काही निशाणे यंत्रावरच शिवलेली आहेत, आणि हाताने टाके आजही घालता येतात.

अतिनील दिव्याच्या मुद्द्यात निम्मे तथ्य आहे, ते मान्य करतो. कापड निळसर उजळवणारी रसायने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच वापरात आली. तरीही जुने निशाण अलीकडच्या साबणात धुतले असेल तर तेही चमकते, आणि बनावट निशाण कोऱ्या, प्रक्रिया न केलेल्या सुताचे असेल तर ते मुळीच चमकत नाही.

ताऱ्यांची गणती तेवढीच फसवी आहे, कारण तेरा तारे पहिल्या तेरा राज्यांच्या काळाचे मानले जात असले, तरी अमेरिकी नौदलाच्या लहान होड्यांवर तेरा ताऱ्यांचे निशाण १९१६ पर्यंत लावले जात होते.

मोजपट्टीचा मात्र त्या संदेशात उल्लेखही नाही. ब्रिटिश पायदळाच्या पलटणींची निशाणे वॉटर्लूच्या लढाईच्या काळात, १८१५ मध्ये, नियमानुसार साडेसहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असत. १८६८ मध्ये ती ३ फूट ९ इंच बाय ३ फूट करण्यात आली. विक्रेता वॉटर्लूचे म्हणून पावणेचार फुटी निशाण दाखवत असेल, तर दिवा आणि काडेपेटी दोन्ही बाजूला ठेवून आधी त्याला या मापाचा खुलासा विचारावा.