चिमणीवाला हीटर आधी बघा

थंडीत बांधकामाच्या साइटवर कोणता हीटर घ्यावा, या लेखात तो किती किलोवॅटचा आणि केवढ्याला, यावरच भर आहे. धूर कुठं जाणार हे एका ओळीत उरकलंय, आणि खरी ग्यानबाची मेख तिथंच आहे.

आम्ही सोलापूरकर जानेवारीतही दुपारी पंखा लावतो, तरी बोलतोय, कारण मेहुणा लेहला फरशीकामावर सुपरवायझर आहे. ठेकेदारानं स्वस्तातला बिनचिमणीचा, गरम हवेबरोबर धूरही खोलीतच सोडणारा डिझेल ब्लोअर दिला. ताडपत्रीनं कोंडलेल्या हॉलमध्ये तो रात्रभर चालला. सकाळी नव्या कोब्यावरून हात फिरवला तर हाताला पिठासारखी पांढरी भुकटी! धुरातला कार्बन डायऑक्साइड ओल्या काँक्रीटला लागला की वरचा थर कच्चा राहतो. शिवाय लिटरभर डिझेल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत साठतं, मग प्लास्टर वाळणार कसं? धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. माणसं झोपतात तिथं असला हीटर नकोच.

गॅसवर भागवू म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, सिलिंडरमधला ब्युटेन कडाक्याच्या थंडीत पुरेसा वायू होतच नाही. सिलिंडर भरलेला असूनही जाळ मिणमिणतो. साधं डिझेलही थिजतं. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, तेच भरावं.

चिमणीवाला महाग पडतो, थोडी ऊबही बाहेर जाते. तरी मी तोच घेईन. लेहला साडेतीन हजार मीटर उंचीवर विरळ हवेत बर्नर काजळी धरतो, त्याची हवा कशी जुळवायची तेवढं लेखकानं सांगावं.