पहाटे चारचा हट्ट आणि चार तासांची झोप

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: पहाटे ४ ला ब्रह्ममुहूर्तावर उठा, चार तास झोप पुरते, शरीराला सवय होते, थोर माणसं तेवढीच झोपत, कमी पडलं तर रविवारी भरून काढा. लवकर उठण्याला आमचा विरोध नाही. झोप कापून उठण्याला आहे.

आधी मुहूर्ताचं बघू. एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो, म्हणजे तो सूर्याप्रमाणे सरकतो. मुंबईत जानेवारीत सूर्योदय ७:१४ ला धरला, तर तो ५:३८ ते ६:२६. जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हाही ४:२४ च्या आधी नाही. नागपूर पूर्वेला, तिथे जूनमध्ये चारच्या आसपास येतो. मुंबईकराने मात्र बारा महिने चारचा गजर लावायला शास्त्राचा आधार नाही. उलट चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीने निद्रेलाच शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधाराचा खांब म्हटलं आहे.

‘सवय होते’ हा दावा सगळ्यात घातक. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही निरोगी माणसांना सलग १४ रात्री चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं. चार आणि सहा तासवाल्यांचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग रोज घसरत गेला, शेवटी तर सलग जागरण केलेल्या माणसांसारखा. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेच पेंगुळलेलो आहोत असं वाटत होतं. सवय होते ती थकवा न जाणवण्याची. असा माणूस दुचाकीवर निघाला की धोका त्याच्यापुरता राहत नाही.

शिवाय कोणती झोप कापली जाते तेही महत्त्वाचं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. बाराला पडून चारला उठलात, तर मुख्यतः ही दुसरी जाते. अपुऱ्या झोपेनंतर माणूस क्षुल्लक गोष्टीवर का खेकसतो, हे घरातल्यांना विचारा.

थोर माणसांचा दाखला गैरलागू आहे. कमी झोपेत खरोखर ताजीतवानी राहणारी काही कुटुंबं आहेत. २००९ मध्ये त्यामागचा एक जनुकीय बदल सापडला, पण तो फार दुर्मीळ. बाकी प्रौढांना किमान सात तास लागतातच.

रविवारी दहापर्यंत लोळल्याने थोडी हुशारी येते, पण शरीराचं घड्याळ पुढे ढकललं जातं. मग रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार जड जातो. सुट्टीला तासाभरापेक्षा जास्त उशीर करू नका. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी बरी.

लवकर उठायचंच असेल तर उलटा हिशेब करा. साडेपाचला उठायचं तर दहाला दिवा बंद, जेवण आठच्या आत. चहा-कॉफी दुपारी दोननंतर नको, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. चारच्या चहातलं निम्मं रात्री नऊला अंगातच असतं. वेळ एकदम बदलू नका. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, आणि उठल्यावर गॅलरीत उजेडात जा. अंथरुणात वीसेक मिनिटं झोप आली नाही तर घड्याळ न बघता उठा, मंद दिव्यात काही वाचा, डोळे मिटायला लागले की परत या.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि सात-आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या लागणं असेल, तर यातलं काहीच पुरणार नाही. डॉक्टरांना दाखवून झोपेची तपासणी करून घ्या.